एआर ॲपचं यूएक्स (वापरणाऱ्याच्या अनुभवाचं) डिझाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी घरात वस्तू ठेवून पाहण्याची एआर ॲप्स डिझाइन करते आहे आणि नव्या डिझाइनरांना शिकवतेही. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरं फोनवरच्या एआरबद्दल आहेत, कारण आपल्याकडे लोकांच्या हातात फोनच आहे. एआर चष्म्यांबद्दल अगदी शेवटी लिहिलं आहे.

१. एआर म्हणजे नेमकं काय? सेल्फीवर लावतात तो फिल्टरही एआरच का?

ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे डोळ्यांसमोरच्या खऱ्या दृश्यात संगणकानं तयार केलेली वस्तू मिसळणं. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये तिच्या तीन अटी मांडल्या, त्या आजही कामाच्या आहेत. खरं आणि कृत्रिम एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारं हवं, आणि कृत्रिम वस्तू त्रिमितीत खऱ्या जगाशी जखडलेली हवी. डोकं वळवलं की गॉगलही वळतो, असा फिल्टर या तिन्ही अटींत बसतो. फोटोच्या कोपऱ्यात चिकटवलेलं स्टिकर बसत नाही. डिझाइनरचा सगळा कस लागतो तो तिसऱ्या अटीत.

२. मी वेबसाइट आणि मोबाइल ॲपचं डिझाइन करतो. एआरसाठी नव्यानं काय शिकावं लागेल?

मांडणी, रंग, अक्षररचना, लोकांशी बोलून गरज समजून घेणं हे सगळं जसंच्या तसं उपयोगी पडतं. बदलते ती जागा. वेबपेजची पार्श्वभूमी तुम्ही ठरवता. एआरमध्ये ती वापरणाऱ्याची खोली असते आणि ती तुम्ही कधी पाहिलेली नसते. वापरणारा एका जागी बसलेला असेल असंही धरता येत नाही. तो उभा राहतो, वाकतो, मागे सरकतो, दिवाणाला अडखळतो. त्यामुळे मीटरमध्ये विचार करायला शिका, उजेड-सावली बघायला शिका आणि माणसं घरात कशी वावरतात ते निरखा. थ्रीडीचं सॉफ्टवेअर सफाईनं यायलाच हवं असं नाही. पण ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल (वस्तूची थ्रीडी प्रतिकृती) उघडून त्याचं माप तपासता आलं पाहिजे.

३. माझ्या कल्पनेला एआर लागेलच का, हे कसं ओळखायचं?

ही वस्तू इथे, एवढी आणि या दिशेला तोंड करून दिसली, तर वापरणाऱ्याचा निर्णय बदलेल का? उत्तर ‘हो’ असेल तर एआर लागेल. कपाट दाराआड येतंय का हे बघायचं असेल तर निर्णय बदलतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आलेलं, फर्निचर विकणाऱ्या इकियाचं इकिया प्लेस हे ॲप नेमकं त्यासाठीच होतं. अनोळखी चौकात कुठल्या गल्लीत शिरायचं हा निर्णयही बदलतो, म्हणून २०१९ मध्ये गूगल मॅप्समध्ये आलेलं लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्यातल्या रस्त्यावरच बाण दाखवणारं) उपयोगी ठरतं. हॉटेलचं मेनू कार्ड हवेत तरंगताना दिसल्यानं काहीच बदलत नाही, साधी यादी त्याहून लवकर वाचून होते. काम देणाऱ्याला हे सांगणं जड जातं, पण पहिल्याच बैठकीत सांगावं.

४. फोनला जमीन कुठे आहे हे कळतं कसं? आणि ते डिझाइनरला कळून काय उपयोग?

फोन दोन गोष्टींची सांगड घालतो. कॅमेऱ्याच्या चित्रात तो ठळक ठिपके शोधतो: फरशीचा सांधा, सतरंजीची नक्षी, टेबलाचा कोपरा. त्याच वेळी आतले सेन्सर फोन किती आणि कुठे हलला हे सांगत असतात. फोन बाजूला सरकला की जवळचे ठिपके चित्रात जास्त सरकतात आणि लांबचे कमी. त्या फरकातून अंतर निघतं. पुरेसे ठिपके एकाच सपाटीवर दिसले की तिथे जमीन आहे असं फोन ठरवतो. ॲपलचं एआरकिट (२०१७) आणि गूगलचं एआरकोर (पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २०१८) ही ॲपमध्ये एआर आणणारी दोन तयार साधनं याच तत्त्वावर चालतात.

एवढं समजलं की कुठल्या घरात ॲप अडेल हे आधीच सांगता येतं. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ठिपकेच नसतात. संध्याकाळी एकाच ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र दाणेदार होतं आणि सापडलेले ठिपके निसटतात. सगळ्यांत फसव्या असतात चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यांत खिडकीचं आणि छताच्या पंख्याचं प्रतिबिंब पडतं, फोन त्या प्रतिबिंबातले ठिपके पकडतो आणि ते त्याला फरशीच्या खाली आहेत असं वाटतं. मग खुर्चीचे पाय जमिनीत बुडालेले दिसतात. जुन्या घरातली शहाबादी फरशी मात्र झटकन पकडली जाते, कारण ती खरबरीत असते आणि तिचे सांधे स्पष्ट दिसतात.

म्हणून ‘पृष्ठभाग सापडला नाही’ हा संदेश कुणाच्याच कामाचा नाही. ‘फरशी चमकते आहे. चटई किंवा वर्तमानपत्र अंथरून पाहा’ या वाक्यानं माणूस पुढे सरकतो. आयफोन १२ प्रो (२०२०) आणि त्यापुढच्या प्रो फोनांत लायडार आहे. तो स्वतः प्रकाश टाकून अंतर मोजतो, त्यामुळे कोरी भिंत किंवा अंधार त्याला अडवत नाही. काच आणि आरसा मात्र त्यालाही चकवतात. तुमच्या हातात असा फोन असेल तर चाचणी त्यावर संपवू नका.

५. ॲप उघडलं की लोक फोन धरून नुसते उभे राहतात. सूचना देऊनही हलत नाहीत. काय करू?

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण बहुतेक वेळा सूचनेच्या शब्दांतच असतं. ‘परिसर स्कॅन करा’ म्हणजे हातानं काय करायचं हे कुणालाही कळत नाही. शरीराला कळेल असं लिहा: ‘फोन जमिनीकडे धरा आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या.’ इथे एक बारीक गोष्ट आहे. बरेच जण एका जागी उभे राहून फोन फक्त गरकन फिरवतात. तेवढ्यानं अंतर कळत नाही, फोन खरोखर बाजूला सरकावा लागतो (कारण प्रश्न ४ मध्ये आहे). म्हणून सोबतच्या चित्रात फोन सरकताना दाखवा, फिरताना नाही.

दुसरं, एका वेळी एकच सूचना द्या आणि ते काम झालं की ती स्वतःहून जाऊ द्या. आयफोनच्या आयओएस १३ पासून एआरकिटमध्ये तयार मार्गदर्शक पडदा मिळतो. वेगळं करायचं ठोस कारण नसेल तर तोच वापरा, कारण लोकांनी तो इतर ॲप्समध्ये पाहिलेला असतो. तिसरं, दहा-बारा सेकंदांत जमीन सापडली नाही तर गप्प राहू नका. अंदाजे जागा धरून वस्तू ठेवू द्या आणि नेमकी जमीन सापडल्यावर तिला अलगद खाली बसवा. पहिल्या मिनिटात काहीही दिसलं नाही तर माणूस ॲप बंद करतो आणि परत येत नाही.

६. वस्तू बरोबर जागी असूनही तरंगल्यासारखी का वाटते?

बहुतेकदा सावलीमुळे. वस्तू जमिनीला टेकते तिथे एक दाट, लहान सावली लागतेच. ती नसेल तर कितीही सुंदर मॉडेल हवेतच राहतं. त्यानंतर उजेड. खोलीत पिवळा दिवा आणि कपाट दुधाळ पांढरं, असं असलं की डोळा लगेच ओळखतो. एआरकिट आणि एआरकोर दोन्ही खोलीतल्या उजेडाचा अंदाज देतात, तो वापरा. तिसरं कारण म्हणजे आड येणं. खरी खुर्ची पुढे आहे आणि कृत्रिम टेबल तिच्या मागे असायला हवं, तरी ते खुर्चीवर चढलेलं दिसतं. एआरकोरमध्ये २०२० पासून समोरची प्रत्येक गोष्ट किती लांब आहे हे मोजायची सोय आहे, त्यामुळे वस्तू खुर्चीमागे लपवता येते, पण कडा फाटक्या दिसतात. कडा फारच फाटत असतील तर वस्तू मोकळ्या जागेत ठेवायला सुचवणं जास्त बरं.

७. वस्तू खऱ्या मापातच दाखवावी की बोटांनी लहान-मोठी करू द्यावी?

खरेदीचा निर्णय मापावर असेल तर माप कुलूपबंद ठेवा. चिमटीनं लहान केलेलं कपाट खोलीत बसलं, ऑर्डर गेली आणि खरं कपाट दारातून आत आलं नाही, तर दोष ॲपचाच. ॲपलच्या क्विक लुकमध्ये (आयफोनमधल्या, वस्तू एआरमध्ये दाखवणाऱ्या तयार सोयीत) माप बदलता येतं, पण १०० टक्क्यांवर ते अडकल्यासारखं थांबतं. ती युक्ती उचलण्यासारखी आहे. मॉडेल बनवणाऱ्याला मीटरमध्ये काम करायला सांगा. सेंटिमीटर-मीटरच्या घोळात शंभरपट मोठा देव्हारा घराबाहेर गेलेला मी पाहिला आहे.

अडचण येते ती लहान खोल्यांत. फोन उभा धरला की कॅमेरा वर-खाली साधारण ६० ते ७० अंशांचा भाग बघतो. म्हणजे सात फुटी कपाट पूर्ण दिसायला किमान दीड-पावणेदोन मीटर मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि टेबल असताना एवढी जागा मिळत नाही. अशा वेळी कपाटाचा फक्त पायथा जमिनीवर आखून दाखवा आणि उंचीची रेघ भिंतीवर. निर्णयाला तेवढं पुरतं. शिवाय तीच वस्तू टेबलावर छोट्या आकारात फिरवून बघायची सोय द्या, पण तिथे ‘हे खरं माप नाही’ असं ठळक लिहा.

८. बटणं स्क्रीनवर ठेवावीत की वस्तूशेजारी हवेत?

फोनवर असाल तर स्क्रीनवर, खालच्या बाजूला, अंगठा पोचेल तिथे. हवेतलं बटण फोन हलला की लहान होतं, तिरकं होतं किंवा चौकटीबाहेर जातं. ॲपलची ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडची ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरच्या मापाची एककं) ही बटणाची किमान मापं इथे तर पाळाच, कारण हात स्थिर नसतो. हवेत ठेवायचं ते त्या जागेशी जोडलेलं असेल तरच: रुंदीचा आकडा, दार कुठे उघडतं त्याची खूण. एरवी स्क्रीन मोकळी राहू द्या.

९. हलवणं आणि फिरवणं कसं ठेवावं?

एका बोटानं सरकवणं, दोन बोटांनी फिरवणं. लोकांना हे आधीच येतं. सरकवताना वस्तू जमीन सोडणार नाही आणि फिरवताना फक्त उभ्या अक्षाभोवती फिरेल असं बांधून टाका. कपाट आडवं पडावं अशी कुणाची इच्छा नसते. लांबची वस्तू स्क्रीनवर नखाएवढी दिसते, म्हणून तिचं स्पर्शक्षेत्र दिसण्यापेक्षा मोठं ठेवा. दोन बोटं वापरायला दुसरा हात मोकळा लागतो. तो नसला तर काय, हे प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. ॲपमध्ये मराठी मजकूर टाकला की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट बदलूनही तेच. का?

कारण दोष फॉन्टचा नसतो. देवनागरीत अक्षरं साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘किती’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवतो, मग पहिली वेलांटी. दिसताना मात्र ती ‘क’च्या आधी यावी लागते. ‘सर्व’मधला रफार वर चढतो, ‘दुसऱ्या’मधला ‘र’ वेगळंच रूप घेतो. हे सगळं जुळवायला हार्फबझसारखं अक्षरजुळणीचं इंजिन लागतं. यूनिटी या थ्रीडी ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी दृश्यात मजकूर दाखवायला बहुतेक जण टेक्स्टमेशप्रो वापरतात आणि ते अशी जुळणी करत नाही. साठवलेल्या क्रमानं अक्षरं एकापुढे एक ठेवून देतं.

यातून निघायच्या तीन वाटा मी वापरल्या आहेत. पहिली आणि सगळ्यांत भरवशाची म्हणजे मजकूर थ्रीडी दृश्यात ठेवूच नये, तो फोनच्या मूळ यंत्रणेतून कॅमेऱ्याच्या चित्रावर दाखवावा. अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही मराठी नीट जुळवतात. दुसरी, न बदलणारी लेबलं आधीच चित्र म्हणून तयार करून ती वस्तूवर लावणं. तिसरी, जुळणीचं इंजिन जोडणारं प्लगइन, पण त्यात प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावं लागतं.

मजकूर जुळला तरी दोन गोष्टी उरतात. शिरोरेघेवरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळीत ते कापले जातात. दुसरं, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तसा फॉन्ट तर हवाच, शिवाय मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं. नाहीतर हिंदी वळण येतं. आणि मागे कुठली भिंत असेल हे माहीत नसल्यानं अक्षरांखाली अर्धपारदर्शक गडद पट्टी ठेवाच. बारीक वजनाचा फॉन्ट सतरंजीच्या नक्षीत विरघळून जातो.

११. लोकांचे हात भरून येतात, फोन तापतो. किती वेळाचा अनुभव डिझाइन करावा?

फोन छातीसमोर धरून उभं राहणं दोन-तीन मिनिटांनी जड होतं. त्यामुळे एआरमध्ये फक्त बघण्याचं काम ठेवा आणि निवडणं, तुलना करणं, किंमत वाचणं हे साध्या स्क्रीनवर, बसून करता येईल असं ठेवा. ‘दृश्य थांबवा’ असं एक बटण द्या: चित्र गोठतं, हात खाली येतो आणि आरामात रंग बदलून बघता येतात. घरातल्या इतरांना फोटो पाठवायची सोयही याच बटणात बसते, आणि खरेदीचा निर्णय बहुतेक घरांत तशाच फोटोवर होतो. तापण्याचं म्हणाल तर कॅमेरा, सेन्सर आणि थ्रीडी चित्रण एकाच वेळी चालू असतात. एआर स्क्रीन दिसत नसेल तेव्हा हे सगळं खरोखर बंद होतंय ना, हे डेव्हलपरकडून पक्कं करून घ्या.

१२. मध्येच कुणाचा फोन आला आणि परत आलं की वस्तू भलतीकडे दिसते. ते कसं हाताळू?

ॲप मागे गेलं की कॅमेरा थांबतो आणि फोनला आपण कुठे आहोत हे पुन्हा ओळखावं लागतं. ओळख पटेपर्यंत वस्तू फिकी करा आणि सांगा: ‘मघाशी उभे होतात तिथून तीच जागा पुन्हा दाखवा.’ नाही पटली तर नव्यानं ठेवायला द्या, पण निवडलेला रंग, माप आणि मॉडेल जपून ठेवा. वस्तू झटक्यात उडी मारताना दिसली की वापरणाऱ्याचा आधीच्या मापावरचाही विश्वास उडतो.

१३. मोकळ्या मैदानात किंवा किल्ल्यावर एआर करायचं आहे. घरातलेच नियम लागू होतात का?

निम्मेच. एका किल्ल्यावर, पडलेल्या वाड्याच्या जोत्यावर मूळ वाडा उभा राहिलेला दिसावा, असं काम आम्ही केलं होतं. पहिल्या दिवशी वाडा जोत्यावरून काही मीटर सरकून पायवाटेवर उभा राहिला. जीपीएसची अचूकता मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांपर्यंतच असते आणि फोनचा होकायंत्र लोखंडाजवळ बहकतो. गूगलची जिओस्पेशियल सोय (२०२२) कॅमेऱ्याचं चित्र स्ट्रीट व्ह्यूच्या (गूगलनं टिपलेल्या रस्त्यांच्या फोटोंच्या) माहितीशी जुळवून जागा फार नेमकी सांगते, पण जिथे स्ट्रीट व्ह्यू पोचलं नाही तिथे तिचा हा फायदा मिळत नाही.

शेवटी साधा उपाय चालला. ‘या पायरीवर उभे राहा’ असं सांगितलं आणि स्क्रीनवर जोत्याची बाह्यरेषा दाखवली. माणूस फोन हलवून ती रेषा खऱ्या जोत्यावर जुळवतो आणि वाडा तिथे बसतो. जुळवण्यात लोकांना आनंदही मिळाला, जोत्याचे दगड त्यांनी नीट पाहिले.

दुपारच्या उन्हाचा बंदोबस्त अजून अवघड. स्क्रीन पूर्ण उजळ करावी लागते, फोन तापतो आणि तापला की स्वतःच उजेड कमी करतो. जाड रेघा, गडद-फिके ठळक फरक आणि बोलून दिलेली माहिती ठेवा. नेटवर्क नसतं, म्हणून मॉडेल पायथ्यालाच उतरवून घ्यायला सांगा.

१४. वापरणारा पडू-धडपडू नये म्हणून काय करावं?

२०१६ च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो आलं तेव्हापासून ‘आजूबाजूला लक्ष ठेवा’ हा इशारा सगळ्यांनी वाचला आहे, आणि वाचून सोडून दिला आहे. इशाऱ्यापेक्षा मांडणी बदला. उंच वस्तू बघायला माणूस मागे मागे जातो, नजर स्क्रीनवरच असते. घरात मागे पलंग असतो, किल्ल्यावर तटाची कड असू शकते. मागे जायची गरजच पडू नये असं माप आणि जागा निवडा. चालताना काही वाचायला लावू नका. पावलं थांबली की मजकूर दाखवा. जिना, गच्ची आणि कडा असलेल्या ठिकाणी उभं राहायची जागा तुम्हीच ठरवून द्या, जशी प्रश्न १३ मध्ये पायरी दिली आहे.

१५. हे सगळ्यांच्या फोनवर चालेल का?

नाही. अँड्रॉइडवर एआरकोर फक्त गूगलनं तपासून मान्य केलेल्या मॉडेलांवर चालतं, आणि स्वस्त फोनांत काही वेळा जायरोस्कोपच (फोन किती वळला हे सांगणारा सेन्सर) नसतो. प्ले स्टोअरवर ॲप देताना ‘एआर आवश्यक’ की ‘एआर ऐच्छिक’ हे ठरवावं लागतं. आवश्यक ठेवलं तर बाकीच्यांना ॲप दिसतच नाही. दुकानाचं ॲप असेल तर ऐच्छिकच ठेवा आणि एआर नसलेल्या फोनवर तीच वस्तू बोटानं फिरवून बघता येईल असं थ्रीडी दृश्य द्या, शेजारी मापाचा आकडा आणि तुलनेला एक माणसाची आकृती. ॲप उतरवून घ्यायला लोक तयार नसतील तर वेबपेजवरूनही काम होतं: आयफोनवर क्विक लुक उघडतं, अँड्रॉइडवर तसंच गूगलचं सीन व्ह्यूअर. एकाला यूएसडीझेड फाइल लागते, दुसऱ्याला जीएलबी, म्हणून दोन्ही तयार ठेवा.

१६. कॅमेऱ्याची परवानगी लोक नाकारतात. आणि घराच्या चित्राचं, चेहऱ्याचं काय?

ॲप उघडताक्षणी परवानगी मागू नका. ‘माझ्या खोलीत ठेवून बघा’ हे बटण दाबल्यावर मागा आणि आधी एका ओळीत सांगा की चित्र फोनमध्येच राहतं. मात्र ते खरं असेल तरच. नाकारलं तर प्रश्न १५ मधलं थ्रीडी दृश्य दाखवा.

चित्र किंवा चेहऱ्याची मापं सर्व्हरवर जाणार असतील तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घ्या. संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली जाते आणि तिच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळेसाठी ॲप करणाऱ्यांनी हे पहिल्या आराखड्यातच घ्यावं.

१७. ज्यांना दिसत नाही, किंवा जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्यासाठी एआरमध्ये काही करता येतं का?

बरंच करता येतं, आणि सुरुवातीपासून केलं तर महागही पडत नाही. व्हीलचेअरवरून किंवा एका हातानं वापरणाऱ्यासाठी: वस्तूभोवती चालत फिरायची सक्ती नको, वस्तूच फिरवायची बटणं द्या; दोन बोटांच्या प्रत्येक क्रियेला बटणाचा पर्याय द्या. जमिनीची उंची उभ्या माणसाच्या डोळ्यांवरून गृहीत धरू नका. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयी) वापरणाऱ्यासाठी वस्तूचं वर्णन आणि जागा शब्दांत सांगा: ‘कपाट समोर दोन मीटरवर, खिडकीकडून १० सेंटिमीटर मोकळे’. हे वाक्य दिसणाऱ्यांनाही आवडतं. पटकन चमकणारे प्रकाश टाळा.

१८. चाचणी कशी आणि कुठे करावी?

कोड लिहिण्याआधी पुठ्ठ्यानं करा. वस्तूच्या पायथ्याएवढा पुठ्ठा कापून जमिनीवर ठेवा, पुठ्ठ्याचीच चौकट फोन म्हणून हातात द्या आणि माणूस कुठे उभा राहतो, कुठे वाकतो ते बघा. तासाभरात निम्म्या चुका सापडतात.

त्यानंतर घरांत जा. आमच्या कामाच्या जागी जमिनीवर नक्षीदार गालिचा होता, तिथे सगळं पहिल्या झटक्यात चालायचं. पाच घरांत गेलो आणि तीन घरांत जमीनच सापडेना. तेव्हापासून माझी किमान यादी ठरलेली आहे: चकचकीत टाइल्स, संध्याकाळचा एक दिवा, भरलेली छोटी खोली, तीन-चार वर्षं जुना अँड्रॉइड फोन आणि साठीच्या पुढचं कुणीतरी. वापरताना ते काय बोलतात यापेक्षा त्यांचे पाय कुठे जातात ते टिपा.

१९. फोनसाठी केलेलं डिझाइन चष्म्यावर तसंच चालेल का?

मॉडेल आणि मापं चालतील, बाकी जवळजवळ सगळं पुन्हा करावं लागेल. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या चष्म्यांत पारदर्शक काचेतून खरं जग दिसतं आणि त्यावर प्रकाश टाकला जातो. प्रकाशानं काळा रंग काढता येत नाही, त्यामुळे काळा म्हणजे पारदर्शक. तुमचं काळं कपाट तिथे दिसणारच नाही, आणि प्रश्न ६ मधली सावलीही नाही. तिच्याऐवजी कडेनं उजळ वलय द्यावं लागतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विक्रीला आलेलं ॲपल व्हिजन प्रो हे डोळ्यांवर घालायचं यंत्र आतल्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र दाखवतं, त्यामुळे तिथे काळा रंग येतो.

अंतराचाही प्रश्न आहे. चष्म्याच्या पडद्यामुळे डोळा ठरावीक अंतरावर स्थिरावतो, वस्तू मात्र जवळ-लांब दिसते, आणि या ओढाताणीनं डोळे दुखतात. होलोलेन्ससाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस वस्तू सव्वा ते पाच मीटरवर ठेवावी अशी आहे, सगळ्यांत सोयीचं अंतर दोन मीटरच्या आसपास. बोटाच्या स्पर्शाऐवजी व्हिजन प्रोवर नजर रोखायची आणि चिमूट करायची असते. हात मांडीवरच राहतो. नजर बोटाइतकी नेमकी नसते, म्हणून तिथे लक्ष्याचं किमान माप ६० पॉइंट ठेवायला सांगतात. फोनवरची ४४ पॉइंटची बटणं उचलून तिथे नेलीत तर शेजारचंच बटण दाबलं जाईल.